आधी पाय, मग जेवण

फौजेची छावणी, बेळगावच्या पुढं
ता. ३० नोव्हेंबर २००९

ती. आबाजींस,
अश्विनचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्र पाहून तुम्ही पहिले रागावाल, मग वाचाल, हे मले ठाऊक आहे. म्हणून पहिलेच कबूल करतो. निघताना मी पाय दाखवले नाही. घरातून कोणी गावाले निघालं की तुम्ही त्याले खाटेवर बसवता, चपला काढायले लावता आणि बोटांच्या बेचक्या पाहिल्याशिवाय सोडत नाही. मी चोवीस वर्षांचा झालो तरी. त्या दिवशी तुम्ही चष्मा शोधून राहिले होते आणि तिकडं हायवेवर धर्मेंद्रदादाच्या ट्रकचा हॉर्न थांबत नव्हता. मी तसाच पळालो. दोन दिवसांत कोल्हापूरले तांदूळ उतरवून परत येतो म्हटलं होतं. आज एकविसावा दिवस आहे.

झालं असं, की कोल्हापूरच्या मार्केटात पोते उतरवून आम्ही चहा पीत होतो. इथल्या चहात दूध इतकं, की चहा शोधावा लागते. तं तिथं बाबूलालजी नावाचे एक ठेकेदार डोक्याले हात लावून बसले होते. मंडप आणि जेवणाचा ठेका त्यांचा, आणि भात शिजवणारा माणूस आदल्या दिवशी पळालेला. पाचशे माणसांचा भात जमते काय म्हणून त्यायनं विचारलं. मी म्हटलं, लाखनीचा आहो, भात सोडून दुसरं काय जमते ते विचारा. धर्मेंद्रदादा हसला आणि ट्रक घेऊन निघून गेला. माझी थैली त्याच्याच ट्रकात राहिली. त्यात तुमचा मफलर आहे. तो त्याच्याकडून घ्या.

मुख्य गोष्ट राहिलीच. ठेका कुठं आहे सांगू? फौजेच्या छावणीत! आणि छावणीत कोण, तं गोरे. खरेखुरे विलायतचे सोल्जर, दीडशेक असतील. आपल्या जवानांसंगं जंगलात कसरत करायले आले आहे, जानेवारी सरेपर्यंत. तुम्ही आमच्या जन्माच्या आधीपासून ज्यायच्या गोष्टी सांगता, त्यायच्या नातवांले मी रोज भात वाढून राहिलो!

मोबाईल गेटवर जमा होते, आणि तसंही फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही. म्हणून पत्र. प्रतिक्षाले म्हणा, शुद्धलेखन पाहू नको.

जेवढा राग असेल तेवढाच लोभही ठेवावा.
आपला नातू,
अश्विन

* * *

लाखनी
ता. ९ डिसेंबर २००९

चि. अश्विन यास,
तेजरामचे अ. उ. आ. व जय भीम.

(शब्द आबाजींचे, अक्षर माझं. त्यांचा मोतीबिंदू अजून पिकतोच आहे. — प्रतिक्षा)

तुझं पत्र पावलं. मफलरही पावला, त्याले डिझेलचा वास येते. तुले गाढव म्हणणार होतो, पण प्रतिक्षा लिहायले तयार नाही. (लिहिलं की!) मी पलटणीत सतरा वर्षं काढली, जवाहरनगरच्या फॅक्टरीत दरवाज्यावर वीस वर्षं काढली, एक दिवस न सांगता गैरहजर राहिलो नाही. माझा नातू भात शिजवायले गेला आणि एकविसाव्या दिवशी कळवते. असो.

आता कामाची गोष्ट. तू जिथं गेला तिथं माझं एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून होणार नाही.

शाळेच्या हेडमास्तर उषाबाईनं मले सव्वीस जानेवारीले झेंड्यानंतर चार शब्द बोलायले सांगितलं. मी म्हटलं, पोरांले पायाची गोष्ट सांगीन. (शंभराव्यांदा ऐकते आहे, तरी लिहिते.) एकोणीसशे त्रेचाळीस. मी अठराचा, कामठीले नवा भरती. आयुष्यातले पहिले बूट पायात. कामठीवरून रामटेकपर्यंत रूट मार्च झाला. फोड आले, फुटले, मी सांगितलं नाही. पोचल्यावर गोरा लफ्टन (लेफ्टनंट — प्र.) आला. मिशीही धड फुटली नव्हती त्याले. एकेकाचे बूट काढायले लावले, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. गावात आमची सावली टाळत होते, बापू. त्यानं जात विचारली नाही. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, अंगठ्यानं टाच दाबली, आणि फोड लपवला म्हणून मले असा झाडला की विचारू नको. त्या दिवशी मले समजलं, की सोल्जरकी बंदुकीपासून नाही, पायापासून सुरू होते.

हे मी तुळसाबाईच्या चहाच्या ठेल्यावर सांगत होतो, तं भोजराज मध्येच म्हणाला की ही गोष्ट म्हणजे तेजरामनं घरीच ठोकलेलं मेडल आहे. म्हणाला, गोऱ्या सोजिराले हिंदी माणसाचा पाय उचलताना नाही, माणसावर पाय उचलतानाच लोकांनी पाहिलं आहे. त्याच्या बापाले बेचाळीसमध्ये गोऱ्यांनी बुटानं तुडवलं होतं, ते मले ठाऊक आहे. त्यावर मी कधी काही बोललो नाही, आजही बोलत नाही. त्यांचं राज खोटंच होतं. पण दहा लोकांसमोर त्यानं मले खोटारडा म्हटलं. साठ वर्षांच्या दोस्तानं.

म्हणून तुले विचारतो. गोरे आजही मार्चनंतर पाय पाहतात काय? आपल्या डोळ्यानं पाहा आणि लिही. नसेल पाहत, तं तसं लिही. मग मी सव्वीस जानेवारीले बोलणार नाही.

तुझे पाय कसे आहेत तेही कळव.
तुझा,
तेजराम

ता. क. हे माझं. दादा, आबाजी पंधरा दिवसांपासून ठेल्यावर गेले नाहीत. घरीच भिंतीकडे तोंड करून चहा पितात. तिकडे भोजराजबाबा सवयीनं दोन कटिंग सांगतात आणि दुसरा तसाच थंड होतो, असं तुळसाकाकू सांगत होती. काल तर गंमत झाली. भोजराजबाबा रस्त्यानं चालले होते, एका पायातली चप्पल मागं राहिली आणि त्यांना पत्ताच नाही! एक पाय उघडा, तसेच खडीवरून तरातरा पुढे. मी चप्पल घेऊन धावले. आबाजींना सांगितलं तर दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. — प्र.

* * *

छावणी
ता. १८ डिसेंबर २००९

ती. आबाजींस,
सविनय ज. भी. वि. वि.

तुमचं पत्र मी चुलीवरच्या भाताच्या गंजाजवळ बसून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना भात लागला. बाबूलालजींनी गोऱ्यांले सांगितलं, की ही खास डिश आहे. त्यायनं मागून मागून खाल्ली.

आता गोऱ्यांबद्दल माझं मत. सकाळी थंडीत, जंगलात, पाहायले एक बाई नाही, तरी प्रत्येक जण मगभर पाण्यात दाढी करते. तोंडाले पांढरं मलम फासते, उन्हासाठी, तं दुपारपर्यंत सगळे पोळ्याच्या बैलासारखे रंगलेले. एकच शिवी आहे, पण तिच्यावर दिवस काढतात. आनंद झाला तरी तीच, ठेच लागली तरी तीच. मले पण आता येते. (प्रतिक्षा, हे आजीजवळ वाचू नको.)

जेवायच्या आधी बंदूक पुसतात. भूक लागली असली तरी. आणि रांग! दोनच माणसं असतील तरी रांग. त्यायचा साहेब सगळ्यात शेवटी उभा राहते. परवा पोळ्या संपल्या आणि साहेबासाठी एकही उरली नाही. मी घाबरलो, म्हटलं आता ठेका गेला. तं त्यानं नुसता भात घेतला आणि थँक्यू म्हणून बसला. आपल्याकडं लग्नात नवरदेवाच्या मावशाच्या बाबतीत असं झालं असतं तं वरात परत गेली असती. कनेरी गावच्या लग्नात झालंच होतं, आठवते काय? तो मावसा अजून बोलत नाही.

पण सगळंच भारी आहे असंही नाही. गेल्या मंगळवारी त्यायचे दोन जण नकाशा हातात धरून चार तास हरवले. नकाशात पाऊलवाट होती, ती गाईची निघाली. शेवटी एका शेतकऱ्याच्या बैलगाडीत कडब्यावर बसून आले, हातात ऊस. आपले जवान इतके हसले की एकाची हिचकी थांबेना. मराठा पलटणीचे एक हवालदार साहेब आहे, त्यायले इंग्रजी येते. ते म्हणतात, कानानं जंगल ऐकायचं काम गोऱ्यांले जमत नाही, ते आपल्या पोरांनीच करावं. पण एक गोष्ट त्यायले आवडली. कसरत झाली की गोरे गोल बसतात आणि काय चुकलं ते सांगतात. सगळ्यात लहान शिपाई पहिले बोलते. साहेबाची चूक असली तं साहेबासमोर साहेबाची चूक सांगते, आणि साहेब वहीत लिहून घेते! हवालदार साहेब म्हणाले, हे मले माझ्या घरी पण जमलं नाही.

इथं एक कुत्री आहे, तिचं नाव गोऱ्यांनी मेजर ठेवलं. तिले चार पिलं झाली. एक मी आणणार आहो.

आपल्या लोभाचा भुकेला,
अश्विन

ता. क. पायाचं विचारलं होतं, ते राहिलंच. मी तं त्यायले बुटातच पाहतो, आबाजी. पाय असतीलच.

* * *

लाखनी
ता. २७ डिसेंबर २००९

दादा,
आज स. न. वि. वि. काही नाही. रागावले आहे.

तुझं पत्र मी आबाजींना वाचून दाखवलं. मलम, ऊस, मावसा, कुत्री. ते खूप हसले, दाढीच्या गोष्टीवर तर हो हो म्हणत राहिले. मग ताजा कलम वाचला, तसे एवढंच म्हणाले, की आता जमाना बदलला असेल, मशीन असेल पाय पाहायला. काल उषाबाईंकडे निरोप पाठवायला सांगत होते, की सव्वीस जानेवारीला दुसरा माणूस पाहा. निरोप मी अजून दिलेला नाही. देणारही नाही, पण किती दिवस?

तुला पाचशे माणसांचं जेवण आठवतं, आणि एका माणसाचा एक प्रश्न आठवत नाही. त्यांनी आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. जा आणि पाहा. कुत्रीकडे पाहू नकोस.

तुझी (तूर्तास) बहीण,
प्रतिक्षा

* * *

छावणी
ता. ७ जानेवारी २०१०

ती. आबाजींस,
सविनय ज. भी. वि. वि. आणि माफी वि. वि.

या पत्रात कुत्री नाही. सरळ पायावर येतो.

प्रतिक्षाचं पत्र आलं, तसा मी बाबूलालजींच्या मागं लागलो, की मले मार्च संपते तिथं पाठवा. काल मोठा मार्च होता, तीस किलोमीटर, पाठीवर ओझं. शेवटाले जंगलाच्या कडेले जेवण पोचवायचं होतं. मी भाताचे गंज आणि लिंबूसरबताची टाकी घेऊन दुपारी दोनले पोचलो. जातानी वाटेत एक माणूस मधाचं पोळं काढून राहिला होता, मी उतरलो नाही! हे लिहून ठेवा.

गोरे आले. धुळीनं आपल्यासारखेच दिसत होते. मी झाकणं उघडली, वास सुटला, पण एकही माणूस गंजाकडं आला नाही. सगळे लांब ताडपत्रीवर एका रांगेत बसले. आता तुम्हाले माझा स्वभाव ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात अशीच रांग लागली होती तं तिथं चॉकलेट वाटले होते. मी झाऱ्या ठेवला आणि जाऊन रांगेच्या टोकाले बसलो.

वाटप काहीच नव्हतं. सगळे बूट काढून राहिले होते. त्यायचा एक सार्जंट आहे, मान भाजून लालभडक, त्याले आम्ही तांबडा म्हणतो. दहा माणसांवर एकट्यानं ओरडते. तो एक डबा घेऊन पहिल्या माणसासमोर उकिडवा बसला, त्याचा पाय उचलला, गुडघ्यावर ठेवला आणि बोटांच्या बेचक्या पाहू लागला. आबाजी, तुम्ही खाटेजवळ बसून पाहता, तसंच. अंगठ्यानं टाच दाबते, तेही तसंच. कुठं पावडर, कुठं पट्टी, कुठं नुसती ती एक शिवी. शेवटी साहेबानं बूट काढले आणि त्याचेही पाय तांबड्यानं पाहिले. फोड लपवला होता, तं साहेबालेही बोलणी बसली.

मग माझा नंबर आला. मी उठून पळायले पाहिजे होतं, पण पाहतच राहिलो. तांबड्यानं माझी चप्पल पाहिली, फाटलेली टाच पाहिली, माझं तोंड पाहिलं. रांगेतले सगळे फुटले हसून. तो हसला नाही. माझा पाय उचलला. बेचकीत चिखल्या झाल्या होत्या, गंजाजवळच्या पाण्यात उभं राहून. त्यानं धुतलं, पुसलं, पावडर लावली, आणि हवालदार साहेबाकडं वळून जोरात काहीतरी विचारलं. हवालदार साहेब पोट धरून हसून राहिले. त्यायनं मले सांगितलं, की तो विचारते, हा जवान कोणाच्या सेक्शनचा, आणि याचे पाय इतके खराब होईपर्यंत याचा सेक्शन कमांडर कुठं झोपला होता?

मी म्हटलं, कमांडर लाखनीले आहे. कामठीचा शिकलेला आहे. त्याची काही चूक नाही, मीच इन्स्पेक्शन न देता पळालो. हवालदार साहेबानं सगळं सांगितलं, त्रेचाळीसचं, रामटेकचं, लफ्टनचं. तांबडा माझा पाय हातात धरूनच ऐकत होता. मग म्हणाला, की शहाण्या माणसाचं ऐकत जा. आणि कमांडरचे स्वतःचे पाय कोण पाहते, ते विचारून घे.

हे झाल्यावरच सगळे जेवायले उठले. भात गार झाला होता. मी हवालदार साहेबाले विचारलं, की इतकी भूक लागली असताना हे काय? ते म्हणाले, त्यायचा नियमच आहे. आधी पाय, मग जेवण.

खाली हवालदार साहेबाची सही घेतली आहे. रबरी शिक्का मागितला होता, पण ते म्हणाले की पायासाठी शिक्का नसते.

पायांवर आणि आमच्यावर लोभ असावा.
अश्विन

वरील मजकूर मी स्वतः पाहिलेला असून खरा आहे. आजोबांना जय हिंद. — हवालदार, मराठा पलटण

* * *

लाखनी
ता. २१ जानेवारी २०१०

चि. अश्विन यास,
तेजरामचे अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र तेरा तारखेले आलं. प्रतिक्षानं वाचलं. दुसऱ्यांदा मी वाचायले लावलं. तिसऱ्यांदा ती आपणहून वाचत होती. (खोटं आहे. तिसऱ्यांदाही लावलं.) मग मी प्रेस केलेलं धोतर नेसलो, मफलर घातला आणि दीड महिन्यानंतर ठेल्यावर गेलो.

भोजराज तिथंच होता. मी प्रतिक्षाले बाकावर उभं करून पत्र वाचायले सांगितलं. तांबड्यावर लोक हसले, तुळसाबाईचा चहा उतू गेला. हवालदाराची सही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. भोजराजनं सगळ्यात जास्त वेळ पाहिली. मग कागद घडी करून मले दिला आणि म्हणाला, की त्याच्या बापाच्या पाठीवरचाही शिक्का खराच होता. मी म्हटलं, खराच होता. मी कागद खिशात ठेवला. मग त्यानं एकदम चप्पल काढली, उजवा पाय बाकावर ठेवला आणि म्हणाला, की लय ऐकलं तुझ्या लफ्टनचं. तो कसा पाहत होता ते करून दाखव, नाहीतर ही सही पण तुझ्या नातवाचीच समजतो.

लोक हसले. मीही हसलो. पण अश्विन, साठ वर्षांत आम्ही एका ताटात जेवलो, एका बिडीचे दोन भाग केले, पण त्याचा पाय माझ्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा आला. बसताना गुडघे वाजले. पाय गुडघ्यावर घेतला. बेचक्या पाहिल्या. टाच दाबली. आणि मधल्या बोटाच्या खाली माझा अंगठा ओला झाला.

बाभळीचा काटा, अख्खा, आत मोडलेला. भोवती जागा काळी, पू धरलेला. वासही येत होता. मी त्याच्याकडं पाहिलं तं तो मजेत चहा पीत होता. विचारलं, दुखते काय? म्हणाला, काय दुखते? तेव्हा मले ती मागं राहिलेली चप्पल आठवली. मी त्या दिवशी हसलो होतो. त्याच्या पायाले कळतच नव्हतं, बापू. ज्या माणसाले फोड दुखते तो बरा. ज्याले दुखत नाही त्याच्यासाठीच पाय पाहायचे असतात.

ऑटोत टाकून त्याच दुपारी भंडाऱ्याले दवाखान्यात नेला. रस्ताभर म्हणत होता की तेजराम, डेमो झाला, आता सोड. डॉक्टरनं शुगर पाहिली, तं साडेतीनशे! त्याले स्वतःलेच माहीत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तं बोट नाही, घोट्यापासून पाय गेला असता. आता पाय राहिला. बोटही राहिलं. रोज पट्टी आहे, आणि रोज जिलेबीसाठी रडणं आहे. त्याची सून राखी त्याच्या उशाखालची बर्फी शोधून शोधून थकली.

आता तुझं. चिखल्या झाल्या, आणि लिहिलं नाही! तांबड्यानं लावली ती पावडर आणून लाव.

लोभ आहेच, तो विनंती न करताही राहील.
तुझा कमांडर,
तेजराम

* * *

लाखनी
ता. २७ जानेवारी २०१०

चि. अश्विन यास,
भोजराजचे अ. आ. वि. वि.

मी कोणाले पत्र लिहीत नाही. शेवटचं बापाले जेलात लिहिलं होतं, तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पण तुझा आजा सांगते की कालची हकीकत मीच लिहावी, कारण तो लिहीन तं मी पुन्हा खोटं म्हणीन.

परवा मले दवाखान्यातून सोडलं. काल झेंड्याले खुर्चीत बसवून नेलं, पाय स्टुलावर, पांढरी पट्टी, जसा मीच लढाईतून आलो. उषाबाईनं तेजरामचं नाव पुकारलं. तो माईकजवळ गेला. मी मान खाली घातली, म्हटलं आता ते रामटेक ऐकावं लागीन. तं त्यानं पोरांकडं पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, की चपला, बूट, सगळं काढा.

अडीचशे पोरं मैदानात पाय पुढं करून बसली. मास्तर लोक पण बसले. उषाबाईच्या हातात जिलेबीची परात होती, ती तिनं तशीच खाली ठेवली. आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस एकेका पोरासमोर उकिडवा बसून बेचक्या पाहू लागला. तीस पोरांनंतर त्याच्यानं उठवेना. तं मी ओरडून म्हटलं, की माझी खुर्ची रांगेत आणा आणि पोरांले माझ्याकडं पाठवा. एका रांगेले तो, एका रांगेले मी. सात जणांले काटे निघाले, दोघांले खरूज, आणि गणिताच्या मास्तरले कुरूप. मग जिलेबी वाटली. मले सोडून.

गोऱ्यांबद्दल माझं मत तू विचारलं नाही, तरी सांगतो. बापाच्या पाठीवरचा बूट मी विसरणार नाही, आणि तेजरामनंही मले विसर म्हटलं नाही. त्यायच्यात तुडवणारा होता, आणि पाय धुणाराही होता, हे आता मी मान्य करतो. तुझ्या तांबड्याले एवढं कळव, की त्याच्या कसबानं इथं एका कुणब्याचा पाय वाचला. त्यानं विचारलं होतं ना, कमांडरचे पाय कोण पाहते म्हणून? काल संध्याकाळी मी पाहिले. डाव्या टाचेले भेग आहे. मी त्याले चांगला झाडला.

ठेल्यावर आता दोन्ही कटिंग गरम संपतात, माझी बिनसाखरेची.

एकतीस तारखेले तुझा ठेका संपते म्हणतात. कुत्र्याचं पिलू आण, पण सरळ घरी ये. दारात थांब, चपला काढ, आणि ओसरीवर आम्हा दोघांच्या मध्ये बस. एक पाय तो पाहीन, एक मी. मग जेवण.

लोभ वाढवायचं वय राहिलं नाही, आहे तेवढा पुरवून वापरू.
तुझा,
भोजराजबाबा